चार सेकंदांचं बघणं

आमच्या सारसोळे कोळीवाड्यातल्या घरातला पहिला पदवीधर मी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बी.कॉम. झालो आणि नेरूळच्या एका केबलवाल्याकडे एडिटिंगला लागलो. ते काम घरी कोणाला नीट कळलं नव्हतं, पण पोरगा टीव्हीचं काम करतो, असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

काम म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर शूटिंगची कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवायचा. लग्नांच्या कॅसेटींवर माझा हात बसला होता. कोणी नुसतं उभं दिसलं की काप. मग केबलवाल्या शेठना आपल्या चॅनेलवर विनोदी प्रवेश दाखवायची हौस आली. त्यांनी आधीच सांगितलं, पहिल्या प्रवेशाला हसू आलं तर दर आठवड्याला करू, नाहीतर तू आणि तुझी लग्नं. मला लग्नांतून सुटायचं होतं.

प्रवेश साधा. नव्या सोसायटीतला साहेब दारावरच्या कोळणीला विचारतो, मासा ताजा आहे ना? ती म्हणते, "तुमच्यापेक्षा हाय." मी तो इतका घट्ट कापला की मध्ये श्वासालाही जागा नाही. मला वाटलं, झकास. मासळी विकून परतताना आई केबलच्या दुकानावर आली, तिला दाखवला. तिचं आयुष्य दारोदार विकण्यात गेलेलं, ती हसणारच.

ती हसली नाही.

"ही बाई त्याच्याकडं बघत कशी नाय?"

बघत होती, पण तेव्हा कोणी बोलत नव्हतं म्हणून मी ते काढलं, असं मी समजावलं.

"आदी मासलीकडं बघाचा, मंग त्याच्याकडं. त्याला जरा घाम फुटू दे. मंग बोलाचा. येवरा शिकलास ना तू?"

शेवटचं झोंबलं. तरी दुसऱ्या दिवशी मूळ कॅसेट परत लावली. मध्ये चार सेकंद घालायचे म्हणजे तिथून पुढचं सगळं नव्याने उतरवायचं. सकाळ त्यात गेली.

दुपारी शेठ बघायला बसले. कोळणीने मासळीकडे पाहिलं, मग साहेबाकडे. तिने तोंड उघडायच्या आतच शेठ खुर्चीत हसून हलायला लागले, आणि वाक्य आलं तेव्हा डोळे पुसत होते. त्या हसण्यात साहेबाचं पुढचं उत्तर बुडालं.

"तो काय बोलला रे?" त्यांनी विचारलं. लगेच म्हणाले, "आणि पुढच्या आठवड्याचं कोण लिहितंय?"

मीच लिहितो, म्हटलं. आधी कोळणीच्या वाक्यानंतर दोन सेकंद मोकळे सोडले आणि राहिलेलं तिसऱ्यांदा उतरवायला घेतलं.