भिंगरीने थोपवलेली पहाट

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं होतं. बाई जेवताना तीनदा उठायची, चहा उभ्यानेच प्यायची, आणि सिनेमाला गेली की तिच्या पायाने शेजारच्याचीही खुर्ची हलायची. अशी बाई बावीस वर्षं एकाच खुर्चीवर टिकली, कारण त्या खुर्चीसमोर आकाश फिरवायचं बटण होतं.

तारांगणातलं यंत्र जुनं, सगळं हाताने चालणारं. भिंगरीने बटण फिरवायला घेतलं की घुमटाच्या पूर्वेला मृग उगवायचा, मागोमाग व्याध, आणि अकरा मिनिटांत अख्खी रात्र उलटून सूर्य वर यायचा. पण नव्या साहेबांना हाताने चालणारं काही नकोच होतं. तयार चित्रफीत आणू, म्हणाले, आणि ताई, तुम्हाला तिकीटखिडकीत बसवू. खिडकीत! दिवसभर!

"एक खेळ बघा साहेब, मग काय ते ठरवा," भिंगरी हात धुऊन साहेबांच्या मागे लागली. "आकाश मी फिरवते, संगीत समोर वाजेल."

साहेब कसेबसे तयार झाले. "समिती येईल. त्यात खगोलशास्त्राच्या एक बाई आहेत, घड्याळ लावून बसतील. अकराव्या मिनिटाला सूर्य दिसला पाहिजे."

वाजवणार होता दादा, तिचा थोरला भाऊ. उभा जन्म जॅझमध्ये गेलेला सॅक्सोफोनवाला. ताऱ्यांवर त्याने स्वतः एक धून बांधली होती. ती एकदा सरळ वाजवायची, मग तिच्यावर फेऱ्या घ्यायच्या, प्रत्येक फेरी तिथल्या तिथे सुचेल तशी. पण वर्षापूर्वी फुप्फुसाचं ऑपरेशन झालं आणि त्याची रयाच गेली. घरी दुसऱ्या फेरीतच त्याला धाप लागायची.

"झेपेल ना रे?"

"तीन फेऱ्या घेतो आणि खालच्या सुरावर उतरून थांबतो. मग तू सूर्य आण," दादा म्हणाला. "आणि तो पाय आधी थांबव, माझा ताल चुकतो."

खेळाच्या दिवशी समिती येऊन बसली आणि दुपारी दोनला घुमटात अंधार झाला. धून झाली, पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत दादाचा श्वास अडखळला. तिसरी कशीबशी पार पडली. हुश्श! व्याध पश्चिमेला टेकला, पूर्वेला लाली आली. आता दादाने खाली उतरायचं होतं.

तो वरच्या सुरांत चढला. आजारपणाआधी चढायचा तसा, भरल्या छातीने. चौथी फेरी! अरे देवा, आत्ता? भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. सूर्य आला की घुमटात उजेड होणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि वर्षभराने गवसलेला हा श्वास त्या टाळ्यांत बुडणार. विचार करायला तिला वेळच नव्हता. तिने बटण उलटं फिरवलं. लाली विझली, आणि मावळायला टेकलेला व्याध पुन्हा वर चढू लागला.

दादाने पाचवीही घेतली. तो खाली उतरला तेव्हाच भिंगरीने सूर्य येऊ दिला.

"चौदा मिनिटं, ताई!" साहेब लालबुंद झाले होते.

खगोलशास्त्राच्या बाई मात्र शांत होत्या. "आकाश मागे फिरलं. चुकून झालं का? जुनं यंत्र आहे, होतं असं कधीकधी."

बाई वाट काढून देत होत्या, हे भिंगरीला कळलं. हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

"यंत्राला कशाला बोल लावता?" ती म्हणाली. "मी फिरवलं. त्याचं वाजवून व्हायचं होतं."

यंत्राच्या खोलीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून ती बाहेर आली. दादा पायऱ्यांवर बसला होता, घामाघूम, ओठ सुजलेले, आणि पोरासारखा हसत होता.

"पाच, भिंगरे! मोजल्यास ना? जरा लांबलंच म्हणा. पुढच्या खेळाला वेळेत उतरतो हं."

भिंगरीला हुंदका फुटला. ती त्याच्या शेजारी बसली आणि बसूनच राहिली.

"खबरदार वेळेत उतरलास तर," ती म्हणाली.