आत्याला न पटलेला माणूस

माझ्या नाहूरच्या आत्याने आयुष्यात एकाही माणसावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही, आणि दुसऱ्या फटक्यात ठेवल्याचंही मला आठवत नाही. लग्न केलं नाही, नर्सची नोकरी करून निवृत्त झाली. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, तर ही आधी घेतलेली वांगी उलटीपालटी करून बघायची. संध्याकाळी ती एक मालिका लावायची. त्यात बंगलेवाल्याच्या मुलीवर तिच्या ड्रायव्हरचं प्रेम होतं. सगळी बिल्डिंग त्याच्यासाठी हळहळायची, पण आत्या म्हणायची, "ती समोर रडतेय आणि ह्याचे डोळे बघ, झुंबरावर." त्याने मुलीला रक्त दिलं, त्या दिवशीही हिचं ठरलेलंच. "रक्त काय रे, परत भरतं. बंगला परत मिळतो का?"

ही मालिका बघायला खालच्या मजल्यावरचे एक विधुर काका यायचे. अंधेरीच्या स्टुडिओत लाइटमन होते. नायकाचा चेहरा प्रेमळ दिसावा म्हणून दिवा कुठे लावतात ते सांगायचे, आणि आत्या "म्हटलं नव्हतं?" अशा नजरेने माझ्याकडे बघायची. वर्षभर हे चाललं. मग एकदा जाहिराती चालू असताना काका म्हणाले, "सिस्टर, आपण दोघं एकत्र राहूया का? म्हणजे, रीतसर लग्न करून."

नेमकी तेव्हाच त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं होतं आणि प्रत्येकाला मोठा फ्लॅट मिळणार होता. आत्याने लगेच ताडलं. दुसऱ्या दिवशी तिने काकांना थाप मारली, की घर मी भाच्याच्या नावावर करून टाकलं. काका हसून म्हणाले, "बरं केलंत. मग माझ्याकडे या. सध्या घर लहान आहे, पण सकाळचं ऊन येतं."

कोणीही विरघळलं असतं. आत्याने मला फोन केला. "घर हातचं गेलं तरी हसतोय. मुरलेला आहे. ह्याला दुसरं काहीतरी हवंय." काय हवंय, ते शोधण्यात तिने सहा महिने घालवले. तोवर बिल्डिंग रिकामी झाली, काका घाटकोपरला मुलीकडे गेले, आत्या मुलुंडला भाड्याच्या खोलीत आली.

परवा तिच्याकडे गेलो होतो. काकांचा फोन येतो म्हणाली, आठवड्यातून दोनदा. तब्येत विचारतात, गोळ्या घेतल्या का विचारतात. ती गोष्ट मात्र पुन्हा काढत नाहीत.

"मग तू विचार ना," मी म्हटलं. "तुला आवडतात ते."

तिने नाही म्हटलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"आता त्याची मुलगी आहे, जावई आहे, भरलं घर आहे," ती म्हणाली. "आता मी विचारलं, तर त्याला वाटेल, हिलाच काहीतरी हवंय."