खिशातले हात

रविवारचा ड्रॉइंगचा क्लास सुटला की मी स्वतः गाळा झाडतो. सुपलीत खोडरबराचा चुरा, पेन्सिलीची सालं आणि एखादा तरी किस्सा जमतोच. चुरा टाकून देता येतो. किस्से मात्र साठत जातात, आणि मग कुणी चहा पाजला की मी सांगत सुटतो.

काळेवाडीत पिठाच्या गिरणीशेजारी माझा हा गाळा. आठवडाभर शाळेत ड्रॉइंग शिकवतो, रविवारी इथे. सोळा मुलं-मुली, सगळी आठवी ते दहावीतली, आणि सगळ्यांना एकच वेड. अ‍ॅनिमे! मांगा! जपानी कार्टून आणि चित्रकथा. अर्ध्या चेहऱ्याएवढे डोळे, टोक काढल्यासारखी हनुवटी, आणि नाक म्हणजे एक ठिपका. तीस वर्षं मी घसा फोडून एकच गोष्ट सांगतोय, "समोर आहे ते बघा आणि तेच काढा." ऐकतंय कोण!

*

एकदा स्थिरचित्रासाठी तांब्या, ताट आणि चाकणच्या बाजारातले दोन कांदे मांडले होते. तासाभराने ओंकारचा कागद बघितला आणि माझं डोकंच फिरलं. कांद्याला पाणीदार डोळे, कोंबाचे ताठ उभे केस आणि गालावर घळाघळा अश्रू!

"हा कांदा आहे?"

"हो सर. आयुष्यभर दुसऱ्यांना रडवतो ना, म्हणून एकदा त्यालाच रडवला."

वर्ग लोळून हसला. मी शिक्षा म्हणून त्याला पुढच्या रविवारी नुसते कांदे काढायला लावले. मोजून बारा. काढले की पठ्ठ्याने, अगदी छायाप्रकाशासकट! फक्त बाराव्या कांद्याच्या हातात तलवार होती.

*

मग म्हटलं, जोड्या लावून एकमेकांचे चेहरेच काढू देत. समोर जिवंत माणूस बसल्यावर तरी डोळे मापात येतील. कसचं काय! सोळा कागद, सोळाही सारखे. चष्मेवाला, गोल चेहऱ्याची, दातांना तार लावलेली, सगळी एकाच साच्यातून निघालेली. मी चिडून सगळे कागद भिंतीवर लावले.

तेवढ्यात प्रणालीची आई तिला न्यायला आली. भिंतीकडे बघून खूश झाली.

"अगंबाई, ही तर आमची प्रणाली! नाक अगदी आत्यावर गेलंय."

त्या चित्राला नाकच नव्हतं. आणि चेहरा होता ओंकारचा!

*

ओंकारचे वडील एका कारखान्यात सुपरवायझर. एका रविवारी तावातावाने आले.

"सर, ही जपानी थेरं आधी बंद करा. आपली संस्कृती काय आणि ही पोरं काढतात काय! कालच त्याच्या दोन वह्या फाडल्या मी. आमच्या घरात जपानी काही चालणार नाही, सांगून ठेवतो."

मी ऐकत होतो, पण लक्ष त्यांच्या शर्टाच्या बिल्ल्याकडे होतं. त्यावर ठळक अक्षरांत 'कायझेन चॅम्पियन'.

"आणि हे कायझेन हो? तेही जपानीच ना?"

"हे? हे कामाचं आहे सर!"

मला ती चित्रं आवडत नाहीत, हे मी कबूल करतो. पण दिवसभर कंपनीत जपानी शब्द घोकायचे आणि घरी येऊन पोराच्या वह्या फाडायच्या, याला काय म्हणायचं? त्या दिवशी मी कांद्याच्या तलवारीपेक्षा त्या बिल्ल्यावर जास्त चिडलो.

*

प्रणालीने एकदा बारा पानांची चित्रकथा करून आणली. मी चष्मा लावून वाचायला बसलो. पहिल्याच पानावर आजोबांचा हार घातलेला फोटो. दुसऱ्यावर आजोबा रिटायर होतात. पुढे लग्न, मग शाळा, आणि शेवटच्या पानावर पाळणा!

"काय गं, मेल्यावर बारसं?"

"सर, तुम्ही उलटं वाचलंत. मांगा उजवीकडून सुरू होतो."

सोळाही मुलांना हे माहीत होतं! मी भडकलो. मराठी शाळेतली पोरं, मराठीत लिहिलेली गोष्ट, आणि ती म्हणे उजवीकडून!

"पण सर," प्रणाली हळूच म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत."

वाचली होती. काय करणार, गोष्ट चांगली होती.

*

पण माझा खरा राग डोळ्यांवर नाहीच, हातांवर आहे. हात काढणं अवघड. मग ही पोरं काय करतात? लपवतात! ओंकारच्या हीरोंच्या बाह्या बोटांच्याही खाली. प्रणालीच्या मुली कायम हात पाठीमागे धरून उभ्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

आणि समीक्षा! वर्गात सगळ्यात चांगली रेषा तिची. दहावीनंतर आर्ट कॉलेजला जायचं, म्हणून इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी वर्षभर खपत होती. वडील चाकणला पत्रा कापायच्या प्रेसवर. रविवारीही ओव्हरटाइम, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मुलगी गुणी, पण कुठलाही विषय द्या, ही एकच माणूस काढणार. ताठ केस, टपोरे डोळे, आणि दोन्ही हात पँटच्या खिशात! भाजीवाला काढ म्हटलं, हात खिशात. बसचा ड्रायव्हर काढ म्हटलं, तरी हात खिशात!

"याला बारा महिने थंडी वाजते का गं?" मी सगळ्यांदेखत विचारलं. वर्ग हसला. तीही थोडंसं हसली.

"पुढच्या रविवारी काम करणारा हात काढून आण," मी बजावलं. "बोटं दिसली पाहिजेत. नाहीतर तुझा परीक्षेचा फॉर्म मी पुढे पाठवणार नाही."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी कुणी चहा पाजला तरी सांगत नाही. सांगताना राग येतो, आणि तो मुलांचा नसतो.

फॉर्म भरायचा शेवटचा रविवार. समीक्षाने कागद माझ्या टेबलावर ठेवला. डबा खाणारा माणूस. केस तेच, टपोरे डोळे तेच, पण उजवा हात चक्क खिशाबाहेर! भाकरीचा तुकडा मोडत होता. पेरांवरच्या सुरकुत्या, नखांतलं ग्रीस, सगळं होतं. मी शाबासकी देणार, एवढ्यात बोटं मोजली. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. उरलेली दोन अर्ध्यातच संपली होती.

माझा पारा चढला. लाल पेन्सिल घेतली आणि चित्रावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बोटे पाच!'

"वर्षभर काय सांगतोय मी? समोर आहे ते बघा! घाई केलीस ना?"

"नाही सर. समोर बसवून काढलंय."

"समोर बसवून? मग साधी बोटं मोजता येत नाहीत?"

वर्ग हसला.

"येऊ का सर?" दारातून आवाज आला. कंपनीचा युनिफॉर्म घातलेला माणूस, डाव्या हातात डब्याची पिशवी, उजवा हात खिशात. "समीक्षाचा बाप मी. फॉर्मवर पालकाची सही लागती म्हनली, म्हनून हाफ डे टाकून आलो."

मी फॉर्म पुढे सरकवला, पेन दिलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खिशातून उजवा हात काढला. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांत पेन धरलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात सही केली.

मग त्यांची नजर शेजारच्या चित्रावर गेली. लाल अक्षरं त्यांनी वाचली. चित्र जरा लांब धरून बघितलं. वर्गात कुणी हसत नव्हतं.

"डोळे तेवढे मोठे काढलेत सर तिनं," ते म्हणाले. "बाकी बरोबर हाय."