सिनेटर कोण निवडतं?

रिचमंड हिलच्या सकाळच्या बसमध्ये एक नागपूरकडचे काका रोज माझ्या शेजारी पेंगत बसायचे. मांडीवर नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक. नाव मी कधी विचारलं नाही. अमेरिकेत चौदा वर्षं ग्रीन कार्डाची वाट पाहून ते चार वर्षांपूर्वी इथे कॅनडात आले होते. तिकडच्या परीक्षेचा अभ्यास मात्र हौसेने आधीच उरकून ठेवलेला.

मी विचारायचो, "सिनेटर कोण निवडतं?"

"राज्यांची विधिमंडळं." मग जीभ चावायचे. "ते तिकडचं, तेही जुनं. इथे पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमतात."

एकदा पुस्तक मिटून म्हणाले, "तिकडच्या लोकांना स्वतः सिनेटर निवडायला सव्वाशे वर्षं थांबावं लागलं, बाप्पा. मला तर भारतात शेवटचं मत देऊन अठराच झाली."

मी इथला नागरिक होऊन सहा वर्षं झालीत. एकदाही मतदानाला गेलेलो नाही, हे त्यांना सांगायचं मी टाळलं.