लग्न संपल्यावरचा मांडव

कुणाच्या दारात मांडव दिसला की मला अजूनही चामटोलीच्या अलीकडची ती वस्ती आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र लख्ख आठवते, आणि त्यात गुन्हा म्हणावा असा एकच होता : रस्त्यात विनापरवाना मांडव.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. मे महिन्यात आमच्याकडे फिर्यादींपेक्षा लग्नांचे अर्ज जास्त येतात. इथल्या आगरी घरांत हळद म्हणजे सगळ्या गावाचे जेवण. अंगण पुरत नाही आणि मांडव रस्त्यावर येतो. अर्जदाराने ग्रामपंचायतीचा दाखला जोडायचा, आम्ही जागा पाहून ना हरकत द्यायची आणि त्यावर मुदत लिहायची. मुदत संपली की मांडव उतरतो. एखाद-दोन दिवस उशीर झाला तर त्याकडे कुणी पाहत नाही.

हा मांडव उतरलाच नव्हता.

तक्रार आणली ती उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्या सिंधी व्यापाऱ्याने. त्याचे टेम्पो माल घेऊन कर्जतकडे जात. माणूस तापट नव्हता, पण वैतागलेला होता.

"साहेब, ये शादी कब खतम होगी? महिना होत आला. माझा ड्रायव्हर विचारतो, सेठ, दुल्हा रोज बदलता है क्या?"

"अडचण काय होते नेमकी?"

"रस्ता आधा. एक गाडी इकडून, तर दुसरीने थांबायचं. थांबा, निघा, थांबा, निघा. कोई ना नहीं बोलता, शादी का मंडप है ना!"

ठाणे अंमलदाराने तक्रार नोंदवून घेतली. त्याच संध्याकाळी त्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याचा मला फोन आला. हा माणूस पूर्वीपासून आम्हाला बारीकसारीक खबरा द्यायचा. आवाज खाली घेऊन म्हणाला, "साहेब, मॅटर गडबड आहे. त्या मांडवात लग्न-बिग्न काय नाय. नवरा-नवरी कधीच फिरून आले. पण संध्याकाळी लायटिंग रोज चालू, आणि बायका जमतात."

मी सरळ अर्थ काढला. आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आहे. जागा अडवायची असली तर आधी मांडव, मग पत्र्याचे कुंपण, मग नावाची पाटी, असा क्रम ठरलेला असतो. मांडवाला हात लावायला कुणी धजत नाही, हे जागा अडवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका हवालदाराला घेऊन तिथे गेलो. हवालदार बेलवलीचा, स्वतः आगरी. रस्ता वस्तीच्या मधून जातो. एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची. वरच्या आळीतल्या एका घरापुढे मांडव. मी सवयीने टेप लावली. खांब डांबरावर साडेतीन फूट आत आले होते. बाकी मांडव नीटनेटका होता. आंब्याचे टहाळे ताजे होते. महिनाभर विसरून गेलेल्या मांडवाला ताजे टहाळे कोण बांधतो?

नवरदेवाला बोलावले. पोरगा अंबरनाथला एका कंपनीत कामाला, नुकताच ड्युटीवर रुजू झालेला.

"लग्न झालं ना तुझं?"

"झालं साहेब."

"मग मांडव कुणासाठी?"

तो हवालदाराकडे पाहू लागला. "सत्यनारायण राहिलाय," तो म्हणाला.

त्याची आई म्हणाली, पुतणीचे लग्न ठरत आले आहे. मांडववाला म्हणजे नवरदेवाचा मामा. तो म्हणाला, दुसरीकडे ऑर्डर नाही, सामान ठेवायला गोडाऊन नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले, मुहूर्ताशिवाय मांडव उतरवत नाहीत, आणि मुहूर्त सापडत नाही.

चौकशीत मला एक गोष्ट नेहमी उपयोगी पडली आहे. माणसे काय सांगतात यापेक्षा सांगताना कुठे पाहतात, ते बघावे. सगळे एकच खोटे बोलले तर ते आधी ठरवलेले असते. इथे चौघे चार गोष्टी सांगत होते, म्हणजे कट नव्हता. पण बोलताना चौघांचीही नजर एकदा तरी रस्त्यापलीकडे, खालच्या आळीतल्या एका निळ्या दाराकडे जाऊन येत होती.

"तिथं कोण राहतं?" मी हवालदाराला विचारले.

त्याने टोपी काढून डोके खाजवले. "धवलारीण राहते, साहेब."

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी आणि विधी चालवणारी बाई. पंचक्रोशीतली बहुतेक लग्ने हिच्याच गळ्यावर लागलेली. हवालदाराचे स्वतःचेही.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"साहेब, तुम्ही जागेच्या मॅटरबद्दल विचारलंत. धवलारणीबद्दल कुठं विचारलंत?"

मी जबाब लिहून घेणे थांबवले आणि मांडवातच खुर्ची टाकून बसलो. संध्याकाळी दिव्यांच्या माळा लागल्या. निळे दार उघडले. एक ठेंगणी म्हातारी काठी टेकत बाहेर आली, मागोमाग तिचा नवरा. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बदलापूरकडून एक डंपर आला, मांडव पाहून त्याने वेग कमी केला. त्यामागची मोटारसायकलही हळू झाली. मागे बसलेला पोरगा चालवणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हळू घे रे, हळद आहे!" म्हातारी सावकाश, एक पाय किंचित ओढत रस्ता ओलांडून आली आणि तिने मांडवाचा पहिला खांब धरला. क्षणभर धरूनच ठेवला. मग आत येऊन बायकांमध्ये बसली.

बसल्यावर मला निरखून म्हणाली, "मना पकराला आलास क?"

बायका हसल्या. मलाही हसू आवरले नाही. "नाही आजी. मांडव कुणाचा ते विचारायला आलोय."

"मांडव नवरीचा रं. आनि कोनाचा?"

नवी सून तिच्या पायाशी येऊन बसली. म्हातारीने एक ओळ म्हटली, सुनेने ती उचलली, चुकली, म्हातारीने तिच्या मांडीवर चापट मारली, परत म्हणवून घेतली. आणखी दोन मुली शिकत होत्या.

तिच्या नवऱ्याला मी बाजूला घेतले. काका अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, मितभाषी. मी म्हणालो, "काका, आता खरं सांगा. कागदावर काय घ्यायचं ते मी नंतर ठरवीन."

त्यांनी सांगितले. गेल्या वर्षी याच जागी एका मोटारसायकलीने तिला उडवले. खुब्याचे हाड मोडले. पोरगा पळाला नाही, त्यानेच तिला दवाखान्यात नेले, रीतसर केसही झाली. हाड जुळले, पण ती दाराबाहेर पडेना. रस्त्याच्या कडेपर्यंत यायची, गाडीचा आवाज आला की अंगाला थरथर सुटायची, परत फिरायची. लग्नांची बोलावणी नाकारली. तिची सगळी माणसे वरच्या आळीत होती. ती येऊन भेटत, पण गाणे मांडवात म्हणायचे असते, खाटेवर नाही.

"घरान बसून गानी सुकाया लागली, साहेब," काका म्हणाले. "झोपेत पन म्हनायची बंद झाली. मंग या घरचं लगीन आलं. मांडव रस्त्यान आला. गाऱ्या आपोआप हलू झाल्या. ती दारान उभी राहून बघत व्हती, आनि बघता बघता चालाय लागली. मी हात पन दिला नाय. हलदीला रातभर गायली. मंग मीच पोराच्या आईला बोललू, चार दिस राहूद्या मांडव."

"चार दिवसांचा महिना झाला, काका."

"व्हय. कोनी उतरवायलाच येत नाय."

इतक्यात म्हातारी आतून बोलली. तिला सगळे ऐकू येत होते. "पोलीसदादा, या रस्त्यावर गारी मानसासाठी थांबत नाय. नवरीसाठी थांबते. मंग आमी नवरीच ठेवली."

तिचे म्हणणे खरे होते. पण मी पोलीस होतो. अंधारात दुचाकीचे हँडल खांबाला लागले असते तर मांडव सगळ्यांच्या डोक्यावर आला असता, तिच्यासकट. ते मी तिला तसेच सांगितले. म्हणालो, "मांडव उतरवावा लागेल, आजी. पण मांडव जे काम करतोय, ते बंद पडू देणार नाही. मला थोडी मुदत द्या."

"मुदत पोलीस देतात न?" ती म्हणाली. "आता तू माग."

मी अदखलपात्र नोंद केली, नोटीस बजावली, मुदत लिहिली आणि त्या मुदतीत स्वतः धावलो. बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे गेलो. त्याने विचारले, "तिथं अपघात किती झाले?" मी म्हणालो, "एक. दुसरा झाल्यावर अर्ज करायचा असेल तर तसं लिहून द्या." तो चांगला माणूस होता. जागेवर आला, मांडव पाहून हसला, आणि मग हसायचा थांबला. मांडवामुळे रस्ता अरुंद होतो, म्हणून वेग कमी होतो, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. झेब्रा पट्टे मारायचे, दोन्हीकडे रंगवलेले गतिरोधक, इशाऱ्याच्या पाट्या, एक दिवा, असे ठरले. ठाण्यातले बॅरिकेड आम्ही दोन्ही कडांना असे लावले की मांडवाने जेवढा रस्ता अडवला होता, तेवढाच त्यांनी अडवावा. त्यांना रात्री चमकणाऱ्या पट्ट्याही लावल्या. माप माझ्याकडे होतेच.

काम झाले. मांडव उतरवायचा दिवस ठरला. मांडववाला मामा शिडी लावून तयार, पण हात लावेना. म्हणाला, आमच्यात धवलारीण म्हटल्याशिवाय मांडव उतरत नाही. ही रीत खरी की त्या दिवसापुरती, ते मला आजही माहीत नाही. हवालदाराला विचारले तर तो म्हणाला, "खरी असेल, साहेब. आता झालीच खरी."

म्हातारी मांडवात उभी राहून गायली. या वेळी नवी सून तिच्यासोबत होती आणि कुठे चुकली नाही. कापड उतरले, बांबू सुटले, खांब निघाले. उघड्यावर ऊन आले. मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आले की तिचे घर पलीकडे आहे आणि मध्ये आता नुसता रस्ता आहे.

मी पुढे झालो. "चला आजी, माझा हात धरा."

"तुजा हात धरून किती दिस जाऊ? तू रिटायर व्हशील."

काका मागे थांबले. ती पांढऱ्या पट्ट्यांपाशी गेली. काठीवरची तिची बोटे मला दिसत होती. बदलापूरच्या बाजूने एक टेम्पो आला. तिचा एक पाय मागे सरकला. टेम्पो गतिरोधकावर हळू झाला, बॅरिकेडपाशी आणखी हळू झाला, आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबला. ड्रायव्हरच्या शेजारी उल्हासनगरचा तोच व्यापारी बसला होता. मला पाहून त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"साहेब! शादी खतम?"

"खतम."

त्याने मोकळ्या जागेकडे पाहिले, मग ड्रायव्हरकडे. "फिर तू क्यों रुका?"

ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, माताजी जा रही है ना."

आणि त्याने इंजिन बंद केले. मागची रिक्षाही थांबली. म्हातारी निघाली. अर्ध्यावर ती उभी राहिली. मला वाटले, घाबरली. तिने ड्रायव्हरकडे वळून विचारले, "लगीन झालं क तुजं?" तो लाजून नाही म्हणाला. "होईल," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली. निळ्या दारापाशी पोचल्यावर तिने आधाराला काही धरले नाही.

व्यापाऱ्याने दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन, आपली काही तक्रार उरली नाही, असे लिहून दिले. प्रकरण तिथे निकाली निघाले.

नियम मोडणारा माणूस काहीतरी लाटायला बघतो, अशी माझी नोकरीभराची समजूत होती, आणि ती बहुतेकदा खरीही ठरली. त्या वस्तीने लाटला होता तो फक्त थोडा संथपणा, एका बाईला रस्ता ओलांडता येईल एवढा. दुसरे मला हे कळले की आपले लोक बेपर्वा नाहीत. कशापुढे थांबायचे ते त्यांना घरातून शिकवलेले असते. मांडवापुढे थांबायला आईबापांनी शिकवले. पांढऱ्या पट्ट्यापुढे थांबायला कुणी शिकवलेच नव्हते. दंडाच्या पावत्या मी भरपूर फाडल्या आणि त्यांचा उपयोग आहेच, पण पावतीने माणूस पोलीस दिसेपर्यंतच थांबतो.

आता मी कुळगावात राहतो. बाजाराला स्कूटरवरून जातो, मागे पत्नी असते. रस्त्याच्या कडेला कुणी म्हातारे माणूस किंवा लेकुरवाळी बाई उभी दिसली की मी थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात. पहिल्यांदा पत्नीने विचारले, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "हळद आहे." तेव्हा तिला सगळी हकीकत सांगितली.

परवा माझे लक्ष दुसरीकडे होते. तिने मागून माझा खांदा दाबला.

"अहो, हळद."

मी ब्रेक दाबला.