ताकभाकरीवरचं पिल्लू

पासलीच्या वर डोंगराच्या खांद्यावर आमची चार खोपटांची वाडी होती. एका खोपटात आम्ही सहा माणसं, आणि कुडाच्या पलीकडं म्हशी नि शेरडं. पावसाळा सरत आला की नाचणी संपायची, मग आई रानातले कंद उकडून वाढायची. बिबट्या दरसाल दोन-तीन शेरडं न्यायचा. राखणीला एक कुत्री होती, तीही म्हातारी झालेली.

भोर संस्थान विलीन झालं तेव्हा मी तिथल्या हायस्कुलात होतो. पुढं जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात गेलो. आमच्या घरात तोवर सगळ्यांचे अंगठेच. मला त्याचा गर्व होता, आणि पुढचं जे झालं ते त्या गर्वानंच झालं.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा कुत्रीच्या शेवटच्या वेतातलं एकच पिल्लू उरलं होतं. तांबूस, पाच महिन्यांचं, पण अंगानं दोन महिन्यांच्या पिल्लाएवढं. आबांचा, म्हणजे वडिलांचा, सगळा जीव त्याच्यावर. कुत्रीचे दात गेले होते. हे पिल्लू उभं राहिलं तरच शेरडं राहणार होती. आबा त्याला रोज ताकात भाकरी कुस्करून घालायचे, दुसरं काही नाही.

मी बरगड्या चाचपल्या आणि सांगितलं, याला मांस पाहिजे, अंडी पाहिजेत, त्याशिवाय वाढ नाही. पुस्तकात तसंच होतं.

आबा म्हणाले, "सागुती खाल्ली की त्येला चढतं. दारू प्याल्यावानी करतंय. ताकभाकरीवर बरं ऱ्हातं."

मी हसलो. मांसानं कुणाला चढत नाही आबा, म्हटलं, जंत असतील. जंताचं औषध दिलं आणि ताक बंद करायला लावलं. कोंबडीची अंडी आईनं विकायला ठेवलेली असायची, ती पिल्लाला जाऊ लागली. "कालेजवाल्याच्या कुत्र्याला अंडी, आन् आमाला कळन्याची भाकर," असं आई म्हणायची आणि स्वतःच अंडं फोडून द्यायची.

दोन दिवसांत पिल्लू झोकांड्या खाऊ लागलं. तोंडातून लाळ, एकाच अंगाला गिरक्या. मग मेढीच्या खांबाला डोकं लावून उभं राहायचं, जणू तो ढकलून पलीकडं जायचंय. आबा हाक मारायचे तर ते भलत्याच दिशेला बघायचं. मी म्हटलं अशक्तपणा आहे, आणखी द्या. त्याच आठवड्यात वाडीवर बोकड कापला. आबांनी आपल्या वाट्याची कलेजी त्याच्यापुढं ठेवली, मी सांगितलं म्हणून.

दुपारी त्याला झटके आले. दिवस मावळायच्या आत ते गेलं, आबांच्या मांडीवर.

मी पोट उघडून बघतो म्हणालो. आबा "बघ" म्हणाले आणि खड्डा खणायला गेले. आत यकृत मुठीएवढंही नव्हतं. त्याच्या बाजूनं करंगळीएवढी जाड शीर सरळ मोठ्या शिरेत जाऊन मिळाली होती. मी ते वहीत काढून घेतलं.

कॉलेजात सरांनी ते चित्र पाहिलं. हे जन्मतःच असतं, म्हणाले. आतड्यातून आलेलं रक्त यकृतात गाळलं जायला हवं, ते या आडवाटेनं तसंच अंगात जातं. मांसातून होणारं विष थेट डोक्यात. परदेशात पूर्वी धडधाकट कुत्र्यांच्या शिरा मुद्दाम अशा जोडून पाहिल्या होत्या. तीही मांस खाल्लं की अशीच भ्रमिष्ट व्हायची. मग त्यांनी विचारलं, "याला खायला काय घालत होतात?"

अंडी, आणि शेवटच्या दिवशी कलेजी, मी सांगितलं.

दिवाळीत घरी गेल्यावर आबांना सगळं सांगितलं. म्हशीच्या आचळांवर पाणी मारता मारता ते ऐकत होते.

"म्हंजी ताकभाकरीवर जगलं असतं?"

"काही वर्षं तरी. राखणीचं कुत्रं झालं नसतं, पण जगलं असतं."

"मला दिसत व्हतं," ते म्हणाले. "पर तू शिकलेला, म्हनून म्या माझ्या डोळ्यावर इस्वास ठेवला न्हाई."

आणि धार काढायला बसले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढं मी पदवी घेतली. पासलीच्या वरच्या वाड्यांमधला पहिला पदवीधर मी. नोकरीत असताना भोरच्या एक बाई अशीच लाळ गाळत गिरक्या घेणारी मांजरी घेऊन आल्या. हे कशानंतर होतं, ते मी आधी त्यांना विचारलं. सुकट खाल्ल्यावर, त्या म्हणाल्या. मी सुकट बंद करून दूधभात सांगितला. ती मांजरी पुढं तीन वर्षं जगली.