दहा सांगितल्या की सहा येतात

आमच्या शेतात कापूस वेचायला सहा बाया लागतात, म्हणून आई दहा सांगते. वेचणाऱ्या बायांची जमवाजमव करणाऱ्या एक मावशी आहेत. आई त्यांना आदल्या दिवशी फोन करते, "उद्या दहा जणी पाह्यजे वं, एकबी कमी नको." मावशी छातीठोकपणे सांगतात, "दहाच्या दहा आणतो." सकाळी येतात सहा. आई कपाळाला हात लावते, मावशी कोणाचं लेकरू आजारी, कोणाकडे पाहुणे अशी कारणं सांगतात, आणि सहा जणी वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून कामाला लागतात. दोघीही हे नाटक वर्षानुवर्षं तितक्याच जोरात करतात. मी ते बघतच मोठी झाले, आणि पुढे मला जो फटका बसला तो याच शिकवणीचा, असं माझं ठाम मत आहे.

मी कॉम्प्युटरवर काम करते. सात वर्षं पुण्यात केलं. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता यवतमाळला आले, ते परत जायचंच नाही असं मनात धरून. पुण्यात वाईट काही नव्हतं. पण तिथल्या खोलीत मी स्वतःशीच भांडायला लागले होते, आणि जिंकतही नव्हते. इथे भांडायला आई आहे. कंपनीला मात्र हे सांगायची हिंमत झाली नाही. मी बाबांच्या गुडघ्याचं कारण पुढे केलं आणि घरून काम करायला सहा महिने मागितले, म्हणजे तीन तरी मिळतील. तीन मिळाले. बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. निवृत्त झाल्यापासून ते रोज पायी लोहाऱ्यापर्यंत जातात आणि चहा पिऊन येतात.

ते तीन महिने संपत आले ऐन वेचणीत. आमचा टीम लीड माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पण बोलतो मोठ्या भावासारखा. तो फोनवर म्हणाला, "अगं, एक काम देतो. सोमवारच्या मीटिंगपर्यंत एकटीनं करून दाखव, मग तुझं तिथे राहायचं बघू. नाहीतर एक तारखेला इथे हजर हो." काम असं होतं: शेतकऱ्यांनी मोबाइलवरून पाठवलेले कपाशीच्या पानांचे चाळीस हजार फोटो. आमचा प्रोग्रॅम एकेक फोटो बघून पान रोगट आहे की चांगलं ते सांगतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर याला दहा दिवस लागले असते, तेही वीज गेली नाही तर. म्हणून हे सगळं क्लाउडवरच्या एका सेवेकडून करून घ्यायचं होतं. ती सेवा मी तोवर उघडूनही पाहिली नव्हती. तोंडाने मात्र "हो, त्यात काय" म्हणून बसले.

गुरुवारी सकाळी वाचायला घेतलं. कल्पना सोपी निघाली. मशिनी आपल्या नसतात. आपण फक्त काम लिहून द्यायचं. ते रांगेत लागतं. मग ती सेवा गरजेप्रमाणे मशिनी आणते, त्यांच्याकडून काम करवून घेते आणि काम संपलं की त्यांना परत पाठवते. आपला प्रोग्रॅम तेवढा त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात भरून वर चढवायचा. डबा भरेपर्यंत दुपार झाली. मग मला परवानग्यांनी रडवलं. कोणी कोणती फाइल वाचायची, कोणी कुठे लिहायचं, प्रत्येक गोष्टीला वेगळी मंजुरी.

बाबा सरकारी कचेरीत बडे बाबू होते. चहाचा कप घेऊन ते माझ्यामागे उभे राहिले.

"याची परवानगी मागते कोन?"

"मीच."

"अन देते कोन?"

"तेही मीच."

"तुह्या अर्जावर तुहीच सही?" बाबांनी खुर्ची ओढली आणि बसलेच. मी त्यांना एकेक ओळ मराठीत करून सांगितली. दहा मिनिटांत त्यांनी चूक पकडली. "डब्याले फोटो वाचू देल्ले तू. पन निकाल लिहाची परवानगी कुठं हाये?" नव्हतीच. तासभर मी जिथे डोकं आपटत होते, तिथे माझ्या बापाने बसल्या बसल्या बोट ठेवलं. पुढचे दोन दिवस ते शेजाऱ्यांना सांगत होते की आम्ही दोघं एका प्रोजेक्टवर आहोत.

मग तो रकाना आला. एका कामाला किती सीपीयू लागतील, म्हणजे मशीनचे किती मेंदू हवेत? खरं तर आमच्या प्रोग्रॅमला एक पुरतो. पण मी आईची लेक. एक मागितला तर काय मिळणार, कपाळ? मी लिहिलं चौसष्ट. चौसष्ट सांगितले तर आठ तरी येतीलच. चाळीस हजार फोटोंचं एकच भलंमोठं काम केलं आणि दिलं सोडून.

पडद्यावर कामाची अवस्था दिसत होती. मी बाबांना भाषांतर करून देत होते. आधी 'सादर'. मग 'प्रलंबित'. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "अरे, हे तं आपलंच ऑफिस हाये!" त्यानंतर आलं 'चालायला तयार'. आणि तिथेच गाडी अडली. संध्याकाळी तयार, शुक्रवारी सकाळी तयार, दुपारीही तयार. चूक दाखवत नव्हतं, पुढेही सरकत नव्हतं. "तयार आहेस तर चाल ना मेल्या!" मी लॅपटॉपवर ओरडले. काम तीनदा रद्द केलं, तीनदा नव्याने दिलं. तीनदा ते तयार होऊन बसलं.

शुक्रवारी दुपारी मी रागाच्या भरात माळ्यावरून बॅग काढली आणि पुसायला घेतली. आईने पाहिलं.

"बॅग कायले काढली?"

"पुण्याला जायला. जमत नाही मला."

"जाय मंग. आमचं काय, आमी राहतो," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. मला रडू आलं. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही राहा म्हटलं नव्हतं, आणि मीही राहते म्हटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आईला स्कूटीवर शेतात सोडायला गेले. बाया कामाला लागल्या होत्या. पाण्याची कॅन झाडाखाली ठेवून आई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसली आणि म्हणाली, "सांग, नेमकं अडलं कुठं?"

तिला सीपीयू काय सांगणार! मी म्हटलं, "समज की ती सेवा म्हणजे आपल्या मावशी. मी त्यांना बाया सांगितल्या, त्या हो म्हणाल्या, पण कोणी येतच नाही."

"कितीक सांगतल्या?"

"चौसष्ट."

"लागते किती?"

"...एक."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी शाईची दौत सांडली होती तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "मंग चौसष्ट काहून?"

"तू नाही का दहा सांगत!"

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, तिकडे वेचणाऱ्या बायाही हात थांबवून बघायला लागल्या. "अवं येडे, मावशीले ठाऊक हाये मी वाढवून सांगतो म्हून. तुह्या मशीनले कोनी सांगतलं? त्याले वाटलं पोरीले खरंच चौसष्ट पाह्यजे. बसलं असन बिचारं वाट पाहत, चौसष्टी जमल्या की निंगू म्हून."

अगदी तसंच होतं. नव्या खात्याला एका वेळी आठच सीपीयू मिळतात, ही ओळ मी वाचली होती आणि आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिली होती. चौसष्ट कधी जमणारच नव्हते. दोन दिवस ती सेवा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून थांबली होती. मला त्या मशीनची खरोखर लाज वाटली.

"अन समदं वावर एकीच्याच माथी काहून मारलं?" आईने पुढचं विचारलं. "पाती पाड ना. येकीले येक पात." वेचताना प्रत्येक बाई आपल्यापुरत्या ओळी धरते, त्याला पात म्हणतात. एकीची संपली की ती पुढची धरते, कोणी कोणासाठी अडत नाही.

मी आईला तिथेच सोडून स्कूटी पळवली. चाळीस हजार फोटोंच्या दोनशे पाती पाडल्या, प्रत्येकीला दोनशे फोटो. सीपीयूच्या रकान्यात चौसष्ट खोडून पातीमागे एक लिहिला. दहाच्या सुमारास काम दिलं. सादर, प्रलंबित, चालायला तयार. इथवर तर ते आधीही येत होतं. मग पडद्यावर आलं 'सुरू होत आहे', आणि एकापाठोपाठ आठ पाती 'चालू' झाल्या. मी अशी ओरडले की बाबांच्या हातातला चहा लुंगीवर सांडला.

रविवारी चार वाजेपर्यंत एकशे नव्व्याण्णव झाल्या. एक पात तीनदा मध्येच बंद पडली. उघडून पाहिलं तर ढाणकीकडच्या कोण्या भाऊंनी कपाशीच्या पानाऐवजी हळदीतल्या नाचाचा व्हिडिओ पाठवला होता. नाच झकास होता, बाबांनी दोनदा बघितला. तो बाजूला काढला आणि शेवटची पातही निघाली.

सोमवारी मीटिंगमध्ये टीम लीड खूश होता. म्हणाला, "छान केलंस. बोल, अजून किती महिने हवेत तिथे?"

जिभेवर 'एक वर्ष' आलं होतं. एक वर्ष मागितलं की सहा महिने मिळतात. तोंड उघडलं, आणि मला ती दोन दिवस 'तयार' होऊन बसलेली रांग आठवली. म्हटलं, "महिने नकोत. मला कायमचं इथूनच काम करायचंय. बाबांचा गुडघा चांगला आहे. मलाच इथे राहायचंय."

तो म्हणाला, "अगं, मग हे आधीच सांगायचं ना! मी उगाच तीन-तीन महिन्यांच्या मंजुऱ्या काढत बसलो असतो." गुरुवारी त्याचा मेल आला. हो म्हणून.

आई अंगणात चण्याची भाजी निवडत होती. तिला सांगितलं. ती नुसती मान हलवून काड्या बाजूला करत राहिली. थोड्या वेळाने तिने मावशींना फोन लावला. तिचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"उद्या सहा जणी पाह्यजे."

"सहाच?" मावशी घाबरल्या. "काकू, तब्येत बरी हाये ना?"

"सहा म्हंजे सहा. सातवी घरचीच हाये," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून चार बाया आल्या. माझं डोकं असं भडकलं! "बघ, खरं सांगितलं की असं होतं," मी आईवर ओरडले, "माणसं काही मशीन नाहीत." आईने आपली जुनी ओटी माझ्या कमरेला बांधली आणि गाठ ओढून घट्ट केली.

"दोन कमी आल्या तं येऊ दे," ती म्हणाली. "सातवी आली नं, माहं झालं."